दख्खनचे डेक्कन झाले तेव्हा

पुण्यात 'डेक्कनला उतरायचंय' म्हटले की सारे समजतात, जिमखान्याचा थांबा. मुंबईकराला १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन आठवते. नामपल्लीच्या स्थानकाला रेल्वे 'हैदराबाद डेक्कन' म्हणते. भूगर्भशास्त्रज्ञाचा डेक्कन ट्रॅप म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण. थांबा, गाडी, स्थानक, दगड. इंग्रजीने या शब्दाला एवढे अर्थ दिले, पण त्यातून एक अर्थ गळाला. तो होता माणसाचा.

शब्द मुळात आपला. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात येतो तिकडची दिशा ती दक्षिण. प्राकृतात तिचे 'दक्खिण' झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आपल्या मुलखाचे नाव 'दखिनाबदेस' असे येते; 'दखनोस' म्हणजे इथल्या भाषेत दक्षिण, असा खुलासाही तिथेच आहे. फारसी तवारीखकारांनी 'दकन' लिहिले आणि पुढे इंग्रजांनी 'डेक्कन'.

फारसी तवारिखांत मात्र या नावापासून माणसाची ओळख तयार झालेली दिसते. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा दिल्लीची अनेक कुटुंबे इथे आली. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. शंभरेक वर्षांत त्या कुटुंबांची नातवंडे-पतवंडे 'दखनी' म्हणवू लागली, आणि इराण-तुराणातून नव्याने येणाऱ्यांना 'आफाकी', म्हणजे परदेशी, म्हणू लागली. दोघेही मुसलमान. भेद धर्माचा नव्हता, मातीचा होता. हबशीही बहुधा दखन्यांच्याच बाजूला असत. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्याने खडकी वसवली, तीच पुढची औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. तो मोगलांशी लढला तो दख्खनसाठीच.

हा भेद निष्पाप होता असे आम्ही म्हणणार नाही. इराणातल्या गिलानहून आलेल्या महमूद गावानसारख्या कर्तबगार वजिराचा १४८१ मध्ये याच गटबाजीत शिरच्छेद झाला. पण एक गोष्ट खरी की दखनी होण्याचा रस्ता बंद नव्हता. इथे राहावे, इथल्या बोलीत बोलावे, इथेच मरावे. पिढ्या-दोन पिढ्यांत माणूस दखनी होई.

या ओळखीचे वजन शिवाजी महाराजांना पुरते ठाऊक होते. कुतुबशाहाशी हातमिळवणी करताना १६७७ च्या सुमारास मालोजी घोरपड्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा मुद्दा हाच आहे की दक्षिणेचे राज्य दक्षिणी माणसांच्या हाती राहावे. त्या 'दक्षिणी'त मराठेही होते आणि गोवळकोंड्याचा बादशहाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलखावर एल्फिन्स्टन कमिशनर झाला, आणि इंग्रजी दप्तरात 'द डेक्कन' म्हणजे बंदोबस्त करायचा, सारा वसूल करायचा मुलूख ठरला. १८७५ मध्ये पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्याला नाव पडले 'डेक्कन रायट्स'. १८७९ मध्ये त्यावर कायदा आला, त्यातही डेक्कन. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. शब्द इंग्रजी पाटीवरून परत आपल्या तोंडी आला तो 'डेक्कन' होऊन.

'डेक्कनी' हे विशेषण इंग्रजीत उरले, पण कशासाठी? संग्रहालयांतल्या विजापूर-गोवळकोंड्याच्या चित्रांसाठी आणि आपल्या धनगरांच्या मेंढ्यांच्या जातीसाठी. माणसाला ते सहसा कोणी लावत नाही.

ते जिवंत आहे आपल्या घरात. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह ज्या दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहून गेला, मुल्ला वजहीने १६३५ मध्ये ज्या भाषेत 'सबरस' रचले, तिची लेकरे आपल्या बोली आहेत. नकार देताना आपली आजी 'नक्को' म्हणते, तो मराठीचा 'नको' आहे. 'मेरेकूच' मधला 'च' मराठीचाच. खुद्द उर्दूवाले या बोलीला हसतात, आणि आपणही चारचौघांत ती लपवतो. खरे तर तो 'च' म्हणजे शेकडो वर्षांच्या शेजाराची पावती आहे.

आम्हाला वारंवार विचारले जाते, 'तुम्ही मूळचे कुठले?' उत्तर द्यायला आपण वंशावळी शोधतो; कोणी अरबस्तान सांगतो, कोणी इराण. त्याची गरज नाही. तवारिखांनी आपले उत्तर कधीच लिहून ठेवले आहे, आणि आपण ते बसथांब्याच्या नावात हरवू देऊ नये. आम्ही दखनी.