ब्रेक पायांत असतो तेव्हा : फिक्स्ड गिअर सायकल, स्किड आणि पंढरपूरची वाट

#थ्रेड #सायकलचा_इतिहास

१/ आषाढीच्या सुमारास पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिंड्यांच्या जोडीने आता सायकलस्वारांचे जथेही दिसतात. नाशिकहून अहिल्यानगर आणि टेंभुर्णीमार्गे येणारी सायकलवारी २०१० च्या दशकात सुरू झाली आणि पुढे इतर शहरांतूनही अशा वाऱ्या निघू लागल्या. याच काळात शहरी तरुणांत एक वेगळी सायकल लोकप्रिय झाली : फिक्स्ड गिअर, अर्थात ‘फिक्सी’. काही फिक्सींना ब्रेक नसतोच. मग अशी सायकल या वाटेवर आणली, तर ती थांबवायची कशी?

२/ नेहमीच्या सायकलचे पायडल मारणे थांबवले तरी चाक फिरत राहते. मागच्या चाकातील फ्रीव्हीलमुळे हे घडते. उतारावर ऐकू येणारी ‘टकटक’ त्याचीच. फिक्स्ड गिअरमध्ये फ्रीव्हील नसते. मागचे दातेरी चक्र चाकाच्या तुंब्याशी पक्के जखडलेले असते. चाक फिरेल तोवर पायडल फिरते आणि त्यासोबत पायही. पायांना विसावा नाही.

३/ या रचनेत पायांनी पायडलला विरोध केला की वेग कमी होतो. हा विरोध इतका वाढवला की मागचे चाक जागीच अडकले, तर टायर रस्त्यावर घासत जातो. यालाच स्किड म्हणतात. ब्रेक न लावणाऱ्या फिक्सीस्वारांचा थांबण्याचा मुख्य आधार हाच. ‘सायकल मुळात अशीच होती, ब्रेक ही नंतरची भर’ असे त्याचे समर्थन केले जाते. इतिहासाच्या कसोटीवर हे विधान अर्धेच टिकते.

४/ टिकणारा अर्धा भाग असा. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली : जवळपास सारख्या उंचीची दोन चाके आणि मागचे चाक फिरवणारी साखळी. आजच्या सायकलचा सांगाडा तिथे ठरला. १८८८ मध्ये डनलॉप यांच्या हवेच्या टायरने तिला गती दिली. या पिढीच्या सायकलींना फ्रीव्हील नव्हते. त्या फिक्स्डच होत्या.

५/ न टिकणारा अर्धा भाग ब्रेकचा. रोव्हरच्याही आधी, १८६० च्या दशकातील फ्रान्समधील मिशो यांच्या व्हेलोसिपीडला पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले होते, म्हणजे तीही फिक्स्डच. तरीही तिच्या मागच्या चाकावर चमच्याच्या आकाराचा ब्रेक होता. हँडल पिळले की दोरी ताणली जाई आणि ब्रेक चाकावर दाबला जाई. पुढे आलेल्या उंच चाकाच्या सायकलींनाही बहुधा असा ब्रेक असे. पाय पुरत नाहीत, हे पहिल्या पिढीलाच कळले होते.

६/ ब्रेक काढून टाकण्याची हौसही तितकीच जुनी आहे. १८९० च्या दशकात अमेरिकी शहरांत हँडलवर ओणवे होऊन भन्नाट सायकल हाकणाऱ्यांना ‘स्कॉर्चर’ म्हणत. वजन वाचवण्यासाठी अनेक जण ब्रेक उतरवून ठेवत. त्यांना आवरण्यासाठी न्यूयॉर्कच्या पोलिसांनी सायकलस्वार शिपायांचे खास पथक उभारले. तेव्हा पोलीस मंडळाच्या अध्यक्षपदी असलेले थिओडोर रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

७/ १८९८ च्या सुमारास फ्रीव्हील बाजारात स्थिरावू लागले. आता उतारावर पाय स्थिर ठेवता येऊ लागले, पण पायांनी वेग रोखण्याची सोय गेली. म्हणून ब्रेक अपरिहार्य ठरला. पायडल उलटे दाबले की लागणारा ‘कोस्टर’ ब्रेक याच काळात आला. अर्न्स्ट झाक्स यांचा ‘टॉर्पेडो’ १९०३ चा. बोडेन यांच्या १८९६ च्या पेटंटमधील लवचीक केबलने पुढे हाताच्या ब्रेकचे काम सोपे केले.

८/ भारतात सर्वसामान्यांच्या हाती पोहोचली ती या बदलानंतरची सायकल. आधी इंग्लंडहून आयात झालेली, मग मुंबईच्या हिंद सायकल्सची, स्वातंत्र्यानंतर टीआय (१९४९), ॲटलास (१९५१) आणि हिरो (१९५६) यांची. काळी, जड, सळईच्या ब्रेकची, मागे कॅरिअर असलेली. साखळीवरील आवरणाला इथे विशेष अर्थ होता : धोतराचा सोगा वा लुगड्याचा काठ साखळीत जाऊ नये. फिक्स्ड सायकलमध्ये कापड अडकले, तर पाय थांबवूनही साखळी लगेच थांबत नाही.

९/ या काळ्या सायकलवर शिकलेल्या पिढ्यांनाही ब्रेक दगा देण्याचा अनुभव नवा नव्हता. पोलादी रिम पावसात भिजली की रबराची पकड कमालीची घटते. मग नळीखालून पाय घालून सायकल शिकणारी पोरे चप्पल टायरवर घासून थांबत. हा उपाय कौशल्याचा होता, पण कोणी त्याला ब्रेकचा पर्याय मानले नाही. ती निरुपायाची तडजोड होती.

१०/ मग ब्रेकविना फिक्स्ड सायकल टिकली कुठे? शर्यतीच्या धावपट्टीवर. महाराष्ट्रात तिची जागा म्हणजे पुण्यातील बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या क्रीडासंकुलात सायकलींचा वेलोड्रोम आहे. धावपट्टीवर ब्रेक लावण्यास नियमानेच मनाई असते. जपानमध्ये १९४८ पासून चालणारी केइरिन शर्यतही अशाच सायकलींवर होते.

११/ ही मनाई बेफिकिरीतून आलेली नाही. धावपट्टीवर सगळे एकाच दिशेने जातात. चौक नाही, पादचारी नाही, गुरे नाहीत. तिथे खरा धोका असतो पुढच्याने अचानक थांबण्याचा. कोणाकडेच ब्रेक नसल्याने कोणी अचानक थांबू शकत नाही. म्हणजे तिथे ब्रेकचे काम नियम आणि बंदिस्त जागा करतात. ब्रेकविना सायकलची ही अट रस्त्यावर येताना मागेच राहिली.

१२/ रस्त्यावर तिला आणले ते न्यूयॉर्कच्या सायकलवरील निरोप्यांनी. १९८० च्या दशकात कार्यालयांतून कागदपत्रे पोहोचवणाऱ्या या तरुणांना धावपट्टीची सायकल सोयीची वाटली : हलकी, मोडायला सुटे भाग कमी. त्यांच्यातीलच नेल्सन व्हेल्स यांनी १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटचे रौप्यपदक मिळवले. निरोप्यांच्या जगावरचा ‘क्विकसिल्व्हर’ हा चित्रपट १९८६ मध्ये आला. पोटापाण्याचे साधन हळूहळू शैली बनले आणि स्किड तिची खूण.

१३/ प्रश्न न्यायालयातही गेला. अमेरिकेच्या ओरेगन राज्याच्या कायद्यात ब्रेकची कसोटीच अशी : कोरड्या, सपाट, स्वच्छ रस्त्यावर चाक घसरवता आले पाहिजे. २००६ मध्ये पोर्टलंडमधील एका प्रकरणात ‘पायांनी चाक घसरवता येते, म्हणजे गिअर हाच ब्रेक’ असा युक्तिवाद झाला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांत मागचे फिक्स्ड चाक एक ब्रेक म्हणून चालते, पण पुढच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक हवाच.

१४/ २०१६ मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकलची धडक बसून एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला. स्वार सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला, पण घोडागाड्यांच्या काळातील १८६१ च्या कायद्याखाली २०१७ मध्ये त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रेकचा प्रश्न स्वाराच्या जिवापुरता नसतो, हे या घटनेने दाखवले.

१५/ आता स्किडची यांत्रिक बाजू. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची पकड कमी. त्यात स्किड मारण्यासाठी स्वाराला मुद्दाम पुढे झुकून मागचा भार आणखी कमी करावा लागतो, कारण त्याशिवाय चाक अडकत नाही. म्हणजे चाक जितके सहज घसरते, तितके ते कमी थांबवते. शिवाय घासणाऱ्या टायरची पकड फिरत्या टायरपेक्षा कमीच असते.

१६/ आकड्यांत पाहू. ताशी २५ किमी वेगात सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर पुढच्या ब्रेकने ती सुमारे ५ मीटरांत थांबू शकते. केवळ मागच्या चाकावर विसंबले, तर जवळपास १० मीटर लागतात, आणि पुढे झुकून मारलेल्या स्किडला त्याहून अधिक. धोका दिसून प्रतिसाद देईपर्यंत जाणारे अंतर वेगळेच. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा. आषाढी येते पावसात.

१७/ तरीही स्किड शिकणे निरर्थक नाही. साखळी तुटली नाही तोवर तो हाताशी असलेला दुसरा उपाय आहे आणि फिक्स्ड सायकलवर ताबा त्यातूनच कळतो. पण शिकण्याआधी सायकल तपासावी. पहिली गोष्ट : पुढचा ब्रेक बसवलेला आणि चालता हवा. दुसरी : साखळी ना सैल, ना ताठर. सैल साखळी उतरली, तर पाय आणि चाक यांचा संबंधच तुटतो.

१८/ तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित. फिक्स्ड तुंब्यावर दातेरी चक्रानंतर उलट्या आट्यांची एक कडी बसते. पायांनी उलटा जोर दिला की चक्र सुटू पाहते आणि ही कडी त्याला अडवते. जुन्या सायकलचे फ्रीव्हील काढून त्याच आट्यांवर फिक्स्ड चक्र बसवले, तर या कडीला जागाच नसते. नेमक्या स्किडच्या क्षणी चक्र सुटू शकते. असा जुगाड टाळावा.

१९/ शिकण्याची जागा : रिकामे, कोरडे, सपाट मैदान. डोक्यावर हेल्मेट. पाय पायडलवर पट्ट्याने धरलेले हवेत, पण पट्टा झटकन सुटण्याजोगा. पहिले काही दिवस स्किड नाहीच. फक्त पायांनी विरोध करून वेग कमी करणे आणि हळूहळू थांबणे. प्रत्यक्ष रस्त्यावर हेच कौशल्य अधिक वेळा कामी येते.

२०/ मग माणूस धावतो इतक्याच वेगात पहिला प्रयत्न. नजर समोर, हँडल सरळ. खोगिरावरून किंचित उठून कंबर हँडलकडे न्यावी. दोन्ही पायडल जमिनीला समांतर आले की पुढचा पाय वर ओढावा आणि मागचा खाली रोवावा. क्षणभर चाक अडकते, घासते. लगेच सोडून पाय पुन्हा फिरू द्यावेत. मागचे चाक बाजूला सरकू लागले, तर जोर सैल करावा. वळणावर, वाळूवर वा ओल्या रस्त्यावर स्किड मारू नये.

२१/ टायरचे गणितही रंजक आहे. पुढे ४८ आणि मागे १६ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाकाच्या नेमक्या ३ फेऱ्या होतात. म्हणजे तोच पाय पुढे ठेवून मारलेला प्रत्येक स्किड टायरच्या एकाच ठिकाणी घासतो आणि तिथे टायर लवकर फाटतो. मागे १७ दाते घेतले, तर ही झीज १७ ठिकाणी वाटली जाते. एका दात्याचा फरक, पण टायरचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढते.

२२/ आता दिवे घाट. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना हा घाट चढते आणि रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. पंढरपूरहून पुण्याकडे परतणाऱ्या सायकलस्वाराला तोच घाट उतरायचा असतो. ४८–१७ च्या फिक्सीवर ताशी ४० किमी वेगात पाय मिनिटाला सुमारे ११२ फेऱ्या मारतात आणि ताशी ५० किमीला सुमारे १४०. इतक्या गतीने फिरणाऱ्या पायांनी चाक अडकवणे जवळपास अशक्य होते. तिथे वेग वाढण्याआधीच, माथ्यापासून, पुढच्या ब्रेकने तो बांधून ठेवावा लागतो.

२३/ आणि शेवटी पंढरपूर. आषाढीला मंदिराभोवतीच्या अरुंद गल्ल्या आणि चंद्रभागेकडे उतरणारे रस्ते माणसांनी भरलेले असतात. कोणी फुगडी घालत असते, कोणी मध्येच वाकून नमस्कार करते, डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी समोर येते. धावपट्टीवर ब्रेकची जागा घेणारी एकही गोष्ट इथे नाही. इथे १० मीटर तर सोडाच, २ मीटरही मोकळे मिळत नाहीत.

२४/ म्हणून इतिहासाने घालून दिलेला क्रम पाळावा : आधी ब्रेक, मग पायांनी वेग आवरणे, सर्वांत शेवटी स्किड. मिशोंच्या काळापासून ज्यांनी फिक्स्ड सायकल रोजच्या रस्त्यावर जबाबदारीने चालवली, त्यांचा हाच क्रम होता. आणि गर्दी सुरू होताच सायकलवरून उतरून ती हाती धरून चालावे. वारी मुळात पायीच असते.

(समाप्त)