स्पोर्ट मोटारसायकलचे आफ्टरमार्केट सुटे भाग

स्पोर्ट मोटारसायकलचे आफ्टरमार्केट सुटे भाग म्हणजे मूळ भागांच्या जागी किंवा त्यांच्या जोडीला बसवले जाणारे, वाहन उत्पादकाव्यतिरिक्त इतर कंपन्यांनी तयार केलेले भाग होत. ब्रेक व क्लचचे लिव्हर, ब्रेकच्या नळ्या, साखळी व स्प्रॉकेट, आरसे, इंडिकेटर, फ्रेम स्लायडर आणि नंबर प्लेटचे धारक हे त्यांतील प्रचलित प्रकार आहेत. हे भाग आकाराने लहान असले, तरी त्यांपैकी अनेकांचा ब्रेक, हँडल व चाकांशी थेट संबंध असतो. त्यामुळे रूप किंवा वजन यांपेक्षा भाग त्या गाडीला अचूक बसतो की नाही, हा निवडीचा पहिला निकष मानला जातो.

== निवड ==
एकाच नावाच्या मोटारसायकलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत लिव्हरचा खिळा, ब्रेकचा स्विच किंवा इंजिनचे बोल्ट वेगळे असू शकतात. म्हणून भाग निवडताना मॉडेलच्या नावाबरोबर आवृत्ती व उत्पादनवर्षही पाहावे लागते. 'सर्व गाड्यांसाठी' म्हणून विकले जाणारे भाग आरसा किंवा ग्रिप यांसारख्या ठिकाणी चालू शकतात. ब्रेकसाठी मात्र त्या गाडीपुरता बनवलेला भागच योग्य ठरतो. मूळ भाग जपून ठेवल्यास बदल मागे घेता येतो. त्यासाठी फ्रेम कापावी किंवा छिद्र पाडावे लागणार नाही, असा भाग श्रेयस्कर असतो.

== ब्रेक लिव्हर ==
घडी होणारे व लांबी कमी-जास्त करता येणारे लिव्हर लोकप्रिय आहेत. गाडी आडवी पडल्यावर असा लिव्हर तुटण्याऐवजी दुमडतो. मात्र लिव्हरचा जो भाग मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो, त्याचे माप मूळ लिव्हरइतकेच असणे अत्यावश्यक आहे. हा भाग किंचित जाड असला, तर लिव्हर सोडल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि द्रवाला टाकीकडे परतू देणारे बारीक छिद्र झाकलेले राहते. चालत्या गाडीत ब्रेक तापतात, द्रव प्रसरण पावतो, पण त्याला परत जाण्यास वाट नसते. परिणामी पॅड डिस्कला घासू लागतात, उष्णता आणखी वाढते आणि शेवटी पुढचे चाक आपोआप जाम होऊ शकते. हा दोष गाडी थंड असताना सहसा लक्षात येत नाही. म्हणून नवा लिव्हर बसवल्यावर त्यात थोडी मोकळी चाल आहे, चाक उचलून फिरवल्यास ते सहज फिरते आणि लिव्हर सोडताच ब्रेकचा दिवा विझतो, या तिन्ही गोष्टी तपासल्या जातात.

== ब्रेकच्या नळ्या ==
पोलादी जाळीच्या नळ्या दाबाखाली रबरी नळ्यांपेक्षा कमी फुगतात. त्यामुळे लिव्हरचा स्पर्श अधिक घट्ट जाणवतो. नळीची लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, तसेच पुढील सस्पेन्शन पूर्ण ताणून पाहतात. जोडणीतील तांब्याचे वॉशर दर वेळी नवे वापरावे लागतात आणि यंत्रणेतील हवा पूर्णपणे काढावी लागते. डॉट ३, डॉट ४ व डॉट ५.१ हे द्रव ग्लायकॉलवर आधारित असतात, तर डॉट ५ हा सिलिकोनवर आधारित असतो. म्हणून डॉट ५ इतरांत मिसळत नाहीत.

== साखळी व स्प्रॉकेट ==
मागील स्प्रॉकेटच्या दातांना पुढील स्प्रॉकेटच्या दातांनी भागले असता अंतिम गुणोत्तर मिळते. पुढे १५ व मागे ४५ दात असल्यास ते ३ येते. पुढचे स्प्रॉकेट १४ दातांचे केल्यास ते सुमारे ३.२१ होते, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ७ टक्क्यांनी वाढतात. गाडी चपळ होते, पण महामार्गावर इंजिन अधिक फिरते. वेगमापक गिअरबॉक्सवरून माप घेत असेल, तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवतो.

'५२०' प्रकारच्या साखळीत लगतच्या दोन पिनांमधील अंतर १५.८७५ मिलिमीटर व आतील रुंदी ६.३५ मिलिमीटर असते. '५२५' साखळीतील अंतर तेवढेच असते, पण रुंदी अधिक असते. त्यामुळे स्प्रॉकेट साखळीच्या क्रमांकाशी जुळणारेच लागते. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी लवकर खराब होते, म्हणून तिन्ही भाग एकत्र बदलले जातात. क्लिपची कडी वापरल्यास क्लिपचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेला ठेवतात.

== फ्रेम स्लायडर व दिवे ==
फ्रेम स्लायडर हे प्लॅस्टिकचे ठोकळे बहुधा इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर बसवतात. गाडी घसरल्यास ते फेअरिंग व इंजिनाचे आवरण वाचवतात. मात्र फार लांब स्लायडर तरफेसारखे काम करून बोल्ट वाकवू शकतो किंवा फ्रेमलाच इजा करू शकतो.

एलईडी इंडिकेटर बल्बपेक्षा फार कमी वीज घेतात. जुन्या पद्धतीचा फ्लॅशर त्यामुळे बल्ब गेल्याचे समजून जलद लुकलुकतो. यावर एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवणे हा सोपा उपाय आहे. समांतर रोधक बसवल्यास तो तापतो, म्हणून प्लॅस्टिकपासून दूर ठेवावा लागतो.

== जोडणी ==
अॅल्युमिनियममधील आटे अतिरिक्त जोराने सहज निघून जातात. त्यामुळे टॉर्क पाना वापरून उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्याइतकेच बोल्ट आवळले जातात. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना लागू पडत नाही. घर्षण कमी झाल्याने बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. थोडे अंतर चालवल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासण्याची पद्धत आहे.

== भारतातील कायदा ==
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील, असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताचा आधार, पायटे आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण असावे लागते. मागचा भाग सुटसुटीत दिसावा म्हणून हे संरक्षण काढून टाकणे या नियमात बसत नाही. वाहनांच्या नमुन्यांची नियमांनुसार चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा समावेश होतो.