नरिमन पॉइंट: जागा पारखताना काय राहून गेलं

कचेऱ्यांचा टॉवर बांधायचा म्हणजे आधी जागेची पारख आली. भराव किती, खडक किती खोल, वारा कुठून, रस्ता किती रुंद. समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर हे सगळं काटेकोर पाहावंच लागतं, आणि मुंबईच्या नरिमन पॉइंटवरच्या इमारती पन्नास वर्षं खाऱ्या वाऱ्यात ताठ उभ्या आहेत. चुकलं ते वेगळंच. तिथं कामाला येणारा माणूस कुठून आणि कसा येणार, या प्रश्नाला जागेच्या पारखीत स्थानच मिळालं नाही. टॉवर तिथं गेले, कारण विकायला जमीन तिथं होती.

ही जमीन सुरुवातीपासून सट्ट्याची आणि महसुलाची होती. 1860च्या दशकात कापसाच्या पैशावर, समुद्रात भर घालण्यासाठी, बॅकबे कंपनी निघाली. कापसाला भाव आणणारं अमेरिकेतलं यादवी युद्ध संपताच 1865मध्ये ती कोसळली आणि किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यावरून कुलाब्याकडे रेल्वे गेली. 1920 नंतर गव्हर्नर लॉईड यांच्या काळात भरावाचं काम पुन्हा सुरू झालं. 1,145 एकरांचा बेत होता. पण समुद्राच्या भिंतीतून भर वाहून जाऊ लागली, खर्च फुगला आणि बेत अर्ध्याहून खाली आला. हा गैरकारभार चव्हाट्यावर आणला काँग्रेसचे पुढारी खुर्शेद नरिमन यांनी. पुढं त्यांचंच नाव या जागेला मिळालं. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची गोष्ट मात्र 1930ची आहे. याच भराव योजनेपायी त्या वर्षाअखेर कुलाबा स्टेशन बंद झालं आणि पश्चिमेकडची गाडी चर्चगेटलाच थांबू लागली. चाळीसएक वर्षांनी टॉवर उभे राहिले ते या शेवटच्या स्टेशनाच्याही पलीकडे. 25 मजली एक्स्प्रेस टॉवर्स 1970च्या दशकाच्या सुरुवातीला झाला, 23 मजली एअर इंडिया इमारत 1974मध्ये. विरार-बोरिवलीहून उभ्यानं आलेल्या कारकुनानं चर्चगेटबाहेर पुन्हा बसच्या किंवा शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं आणि संध्याकाळी तेच उलट्या दिशेनं करायचं, हा त्या जागेचा रोजचा हिशेब होता.

यावर कुणी म्हणेल, हायकोर्ट, रिझर्व्ह बँक, शेअर बाजार, मंत्रालय सगळं जवळच होतं. टेलिफोनसुद्धा धड लागत नसे त्या काळात कंपन्या आणखी कुठं जाणार? आक्षेप खरा आहे. पण कोर्ट आणि बँक साहेबाला जवळ होती. कचेरीतली बाकीची माणसं उत्तरेकडे राहत होती आणि दरवर्षी आणखी उत्तरेला सरकत होती. दुसरा आक्षेप असा की, हे शहाणपण मागाहूनचं आहे. ते मला मान्य नाही. 1965मध्येच वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून सांगितलं होतं की, कामाच्या जागा खाडीपलीकडे न्या, नाहीतर हे लांबट शहर गुदमरेल. सरकारनं ते ऐकलं, 1970मध्ये खाडीपलीकडचं नवं शहर वसवायला सिडको हे महामंडळ स्थापन केलं. आणि तेच सरकार दक्षिण टोकाला कचेऱ्यांचे भूखंडही देत राहिलं. विधानभवनसुद्धा 1981मध्ये तिथंच उभं राहिलं. राजधानीच हलली नाही, तर कंपन्या का हलतील?

राहिला भाड्याचा मुद्दा. 1990च्या दशकाच्या मध्यावर इथलं भाडं जगातल्या सर्वांत चढ्या भाड्यांत मोजलं जात होतं, मग जागा चुकली कशी? चढं भाडं टंचाईचं असतं, सोयीचं असेलच असं नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात जागा तयार होताच बँका आणि मोठ्या कंपन्या तिकडे निघाल्या. नरिमन पॉइंटला रेल्वे भेटली ती 2025मध्ये, भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत गेली तेव्हा. त्याआधीच, 2023मध्ये, राज्य मंत्रिमंडळानं एअर इंडियाची इमारत 1,601 कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं होतं, सरकारी कचेऱ्यांना जागा अपुरी पडते म्हणून.