आकडा स्थिर, जमीन वेगळी : भारतातील शेतजमीन आणि पंचकुला

'देशातील शेतजमीन झपाट्याने घटत आहे' हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. आता सरकारी आकडे पाहा. १९५०-५१ मध्ये भारताचे निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे ११.९ कोटी हेक्टर होते. १९७०-७१ पर्यंत ते १४ कोटींवर गेले आणि नंतरची चार-पाच दशके तेथेच रेंगाळले. मग घट झालीच नाही का?

आधी दोन संज्ञा समजून घेऊ. वर्षातून एकदा तरी पेरलेली जमीन म्हणजे निव्वळ पेरणी क्षेत्र. दोन पिके घेतली तरी ती एकदाच मोजतात. एकूण पीक क्षेत्रात मात्र प्रत्येक पिकाची वेगळी मोजणी होते. हे क्षेत्र १९५०-५१ मधील १३.२ कोटींवरून २०१४-१५ मध्ये १९.८ कोटी हेक्टरांवर गेले.

पहिल्या वीस वर्षांतील वाढ पडीक जमीन लागवडीखाली आणून झाली. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी तराईतील जंगल तोडून शेते केली गेली, हे त्याचे एक उदाहरण. नंतर नवी जमीन फारशी उरली नाही. वाढ झाली ती कालवे आणि विहिरींच्या पाण्यावर घेतलेल्या दुबार पिकांची.

याच काळात बिगरशेती वापराखालील जमीन सुमारे ९४ लाख हेक्टरांवरून २.७ कोटींच्या जवळ गेली. एका बाजूने जमीन जात होती, दुसऱ्या बाजूने येत होती; म्हणून बेरीज तेवढीच दिसते. पण गेलेली आणि आलेली जमीन सारखी होती का?

याचे उत्तर शोधायला पंचकुल्याकडे पाहू. 'कुल' म्हणजे पाण्याचा पाट. घग्गर नदीचे पाणी शेतांत नेणाऱ्या पाच पाटांवरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. म्हणजे गावाच्या नावातच सिंचनाचा इतिहास आहे.

शेजारी चंदीगड उभारताना शेती करणारी अनेक गावे संपादित झाली. शहराभोवतीची शेती टिकावी म्हणून १९५२ मध्ये परिसर नियंत्रण कायदा झाला. परवानगीशिवाय बांधकामास बंदी असलेला हा पट्टा आधी ८ किलोमीटरचा होता, १९६२ मध्ये तो १६ किलोमीटरचा झाला. पण १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची विभागणी झाली आणि पट्टाही वाटला गेला. पुढे त्याच पट्ट्यात पंजाबने मोहाली आणि हरियाणाने पंचकुला वसवले. शहरे नदीकाठी, सपाट, पाण्याच्या जमिनीवर वाढतात. शेतीलाही तीच जमीन लागते.

तक्त्यात मात्र पाटाखालचा एक हेक्टर आणि माळरानावर नव्याने नांगरलेला एक हेक्टर यांची किंमत एकच. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बहुपिकी बागायती जमीन अपवादानेच घ्यावी असे म्हटले. ती घेतल्यास तेवढ्याच क्षेत्राची लागवडयोग्य पडीक जमीन विकसित करावी, किंवा तिच्या मूल्याइतकी रक्कम शेतीत गुंतवण्यासाठी शासनाकडे जमा करावी. रेल्वे, महामार्ग, कालवे यांना यातून सूट आहे. येथेही भरपाई हेक्टरांत किंवा रुपयांत मोजली जाते. मातीचा कस, पाण्याची सोय आणि त्या शेतावर राबणाऱ्यांचे कसब या मोजमापात बसत नाही.

लोकसंख्येचाही विचार करा. १९५१ मध्ये दरडोई पेरणी क्षेत्र सुमारे ०.३३ हेक्टर होते, २०११ मध्ये ते ०.१२ हेक्टर उरले.

तुमच्यापैकी अनेकजण उद्या रस्ते, वसाहती आणि कारखान्यांचे नकाशे काढतील. जागा निवडताना सातबाऱ्यावरील क्षेत्रफळाबरोबर पिकांची नोंद आणि जलसिंचनाचे साधनही वाचा. काँक्रीटखाली गेलेली माती पुन्हा पेरणीयोग्य करणे जवळपास अशक्य असते.

स्वाध्याय : आपल्या तालुक्याचे १९७१ आणि आताचे निव्वळ पेरणी क्षेत्र शोधा. फरक पडला असल्यास कोणत्या प्रकारची जमीन गेली आणि कोणती आली, ते लिहा.