जिवंत पेशीतलं कॅल्शियम कसं मोजतात? चमकणाऱ्या रंगांची पद्धत

वारासिवनी असो की गोंदिया, रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियमचा आकडा दर १०० मिलिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असला की घरचे निश्चिंत होतात. पण हा आकडा रक्तद्रवातला, म्हणजे पेशींच्या बाहेरचा. पेशीच्या आत काय चाललंय, ते त्यावरून कळत नाही.

आतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी असतं, साधारण १०० नॅनोमोलर. पेशीला इशारा मिळाला की दारं उघडतात, आतली पातळी काही क्षणांत पाच-दहा पट चढते आणि पुन्हा उतरते. हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, इन्सुलिन बाहेर पडणं, सगळं या चढ-उतारावर चालतं. पातळी बराच वेळ चढलेलीच राहिली तर पेशी मरते. बीपीसाठी घराघरांत घेतली जाणारी अमलोडिपिनची गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमधली हीच दारं अडवते. हाडांतल्या कॅल्शियमशी तिचं काही वैर नाही.

पेशी फोडून मोजलं तर हा चढ-उतार हातून जातो. म्हणून रॉजर चिएन यांनी केंब्रिजमध्ये १९८० च्या सुमारास वेगळी वाट काढली. कॅल्शियम पकडणारा रेणू घ्यायचा आणि त्यालाच चमकणारा भाग जोडायचा. दुकानदार नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यातले धागे चमकतात, तीच ही फ्लुरोसंट चमक. पहिला रंग क्विन-२. तो फिका पडायचा. मग १९८५ मध्ये फ्युरा-२ आला आणि आजही तो वापरात आहे.

वारासिवनीच्या हातमागावरच्या सुताला एकदा रंग चढला की तो टिकावा हीच अपेक्षा असते. फ्युरा-२ चं उलट आहे. कॅल्शियम चिकटलं की तो ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने जास्त चमकतो, सुटलं की ३८० च्या. दोन्ही वेळा चमक ५१० च्या आसपास, हिरवट. आळीपाळीने दोन्ही प्रकाश टाकून चमकेचं गुणोत्तर काढतात. खरी हुशारी इथेच आहे. एखाद्या पेशीत रंग जास्त गेला, एखादी पेशी जाड असली किंवा रंग थोडा उडाला, तरी दोन्ही चमका सारख्याच बदलतात आणि गुणोत्तर फारसं हलत नाही. फ्लुओ-३, फ्लुओ-४ हे नंतरचे रंग वापरायला सोपे, पण त्यांची एकच चमक असते. त्यामुळे पातळी किती पटीने वाढली ते दिसतं, खरा आकडा सहज मिळत नाही.

रंग पेशीत घालायला सुई लागत नाही. रेणूवर विद्युतभार असल्याने तो पेशीचं आवरण ओलांडू शकत नाही, म्हणून त्याचा भार एस्टरच्या झाकणांनी लपवतात. अर्धा-पाऊण तास पेशी त्या द्रावणात ठेवल्या की रंग आत शिरतो. आतली एन्झाइम झाकणं कापतात आणि रंग आतच अडकतो. द्रावण गरम ठेवलं तर तो पेशीतल्या छोट्या कप्प्यांतही शिरतो आणि हिशेब चुकतो.

नुसती चमक म्हणजे मोजमाप नव्हे. शेवटी ईजीटीए घालून कॅल्शियम पूर्ण काढून घेतात, आयोनोमायसिन घालून पेशी कॅल्शियमने भरतात आणि या दोन टोकांमध्ये आधीचं गुणोत्तर बसवतात. ही पायरी गाळली तर घोटाळा होतो. तपासायचं औषध स्वतःच चमकणारं निघालं, किंवा रंगच पेशीबाहेर झिरपला, तर औषधाने कॅल्शियम बदललं असं उगाच वाटतं. रंग फार घातला तरी पंचाईत, कारण तोच कॅल्शियम शोषून खरा चढ दाबून टाकतो.

बालाघाटकरांना ओळखीचं वाटेल असंही एक तंत्र यात आहे. भरवेलीच्या खाणीतून निघतं ते मँगनीज! मँगनीजचे आयन कॅल्शियमच्या काही दारांतून आत शिरतात आणि फ्युरा-२ ची चमक विझवतात. ३६० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात कॅल्शियम बदललं तरी चमक बदलत नाही. त्या प्रकाशात चमक किती वेगाने विझते, त्यावरून बाहेरचं दार किती उघडलंय ते कळतं. पेशीने कॅल्शियम बाहेरून घेतलं की आतल्या साठ्यातून सोडलं, हा वाद असा मिटतो.

भारतात बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये गायत्री नव्हे, गैती हसन यांच्या गटाने फळमाशीवर हे काम मोठ्या प्रमाणात केलं. आतल्या साठ्याचं दार बिघडलेल्या माश्या नीट उडू शकत नाहीत, हे त्यांनी २००४ मध्ये मांडलं. पुढे २००९ मध्ये चेतापेशींतल्या कॅल्शियमशी त्याचा संबंध दाखवला.

आता जिवंत प्राण्याच्या मेंदूत पाहायचं असेल तर बहुतेक ठिकाणी रंगाऐवजी जीसीएएमपी हे चमकणारं प्रथिन वापरतात. २००१ पासूनचं हे प्रथिन पेशी स्वतःच तयार करते. पण बशीतल्या पेशींत आजच्या आज आकडा हवा असेल, तर फ्युरा-२ ची कुपी अजूनही अंधारात, उणे २० अंशांवर जपून ठेवलेली असते.