भुलीआधीचा धडा

पोटाची किंवा छातीची मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस शुद्धीवर येतो तेव्हा त्याचा श्वास पूर्वीसारखा राहिलेला नसतो. तो उथळ आणि भरभर चालतो, छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. पोट आवळून धरलेले, खांदे वर चढलेले, खोकला आला तरी दाबून टाकलेला. उशाशी बसलेली माणसे बजावतात, "खोकू नका, टाके तुटतील." या बोलण्यात माया असते, पण फुप्फुसांना त्या वेळी नेमके उलटे हवे असते. जखम सांभाळण्यासाठी शरीर श्वास आखडते आणि त्यातूनच दुसरे दुखणे ओढवून घेते. शस्त्रक्रियेनंतरच्या श्वसनोपचाराचे सारे शास्त्र या विसंगतीभोवती उभे आहे.

फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि वॉर्डातल्या परिचारिका हे पुस्तक उघडतील, हे गृहीत आहे. ज्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे आणि रात्री झोप येत नाही, त्यांनीही ते उघडावे. शरीररचनेचे पूर्वज्ञान लागणार नाही. एक मत मात्र सुरुवातीलाच मांडून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना माझा कल लपून राहणार नाही. या क्षेत्रातले खरे औषध म्हणजे शिकवणे, आणि ते भूल देण्याआधी व्हायला हवे. आपल्याकडे बहुतेक वेळा ते शस्त्रक्रियेनंतर, रुग्ण गुंगीत असताना, एक यंत्र हातात देऊन उरकले जाते.

आधी फुप्फुसात काय घडते ते पाहू. माणूस उभ्याचा आडवा झाला की श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा पाऊण ते एक लिटरने घटते. भुलीमुळे स्नायू सैल पडले की ती आणखी सुमारे अर्ध्या लिटरने कमी होते. श्वासपटल वर सरकते, पाठीकडचा भाग दबतो आणि तिथले वायुकोश मिटतात. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये गोरान हेडेनस्टिएर्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. भूल चढल्यावर काही मिनिटांतच फुप्फुसाच्या तळाशी दाट पट्टे दिसू लागले, आणि तेही निरोगी फुप्फुसांत. दहांतल्या सुमारे नऊ जणांत असे थोडेफार घडते. मिटलेला वायुकोश उघडणे सोपे नसते. आतून ओली झालेली पातळ प्लॅस्टिकची पिशवी चिकटून बसते, तशा त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि त्या सुटायला जास्त ताण लागतो.

हातापायाच्या किंवा वरवरच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस उठून हिंडू लागला की हे बरेचसे आपोआप निस्तरते. बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागात चीर गेली असेल तर प्रकरण लांबते, कारण श्वासपटलच मंदावते. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या विल्यम पाश्चर या डॉक्टरांनी १९०८ मध्येच फुप्फुस खचण्याचा संबंध श्वासपटलाच्या निष्क्रियतेशी जोडला होता. पुढे असेही दिसले की वेदना चांगली शमवली तरी श्वासपटल लगेच पूर्ववत होत नाही. पोट हाताळले गेल्यामुळे मज्जासंस्थेकडूनच त्याला आवर बसलेला असतो. म्हणून "दुखणे थांबले की श्वास आपोआप नीट होईल" ही समजूत अर्धीच खरी आहे.

मला या विषयातली सर्वांत मोहक गोष्ट वाटते ती उसाशाची. आपण सगळेच दर तासाला कित्येकदा, नकळत, नेहमीपेक्षा दुप्पट मोठा एक श्वास घेतो. त्याचा दुःखाशी संबंध नसतो. मिटू लागलेले वायुकोश पुन्हा उघडण्याची ती शरीराची स्वतःची सोय आहे. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी हे उसासे कमी होतात किंवा थांबतात. १९६० च्या दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हेन्रिक बेंडिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्या नजरेने पाहिले तर शस्त्रक्रियेनंतरचा दीर्घ श्वास हा शरीर तात्पुरते विसरलेला उसासा आहे, फक्त तो आता मुद्दाम घ्यायचा. कृतीचे तपशीलही मग उलगडतात. नाकाने सावकाश श्वास ओढायचा, कारण सावकाश ओढलेली हवा तळापर्यंत पोचते. भरलेला श्वास दोन-तीन सेकंद धरायचा, कारण सगळे वायुकोश एकाच वेगाने भरत नाहीत. शेजारच्या वायुकोशांना जोडणारी सूक्ष्म छिद्रे असतात, हान्स कोन यांच्या नावाने ओळखली जाणारी. त्यांतून हवा मागे पडलेल्या भागाकडे सरकायला तेवढा अवधी लागतो.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधलेच भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट यांनी १९६४ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही रुग्णांना आदल्या रात्री नीट बसून सांगितले गेले: कुठे दुखेल, किती दिवस दुखेल, स्नायू आवळले की दुखणे का वाढते, आणि दीर्घ श्वास घेऊन ते सैल कसे सोडायचे. बाकीच्यांना वेदनेबद्दल काही सांगितले नाही. ज्यांना शिकवले होते त्यांना नंतर जवळपास निम्मेच अफूजन्य वेदनाशामक लागले, आणि कोणाला शिकवले आहे हे ठाऊक नसलेल्या शल्यविशारदांनी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी पाठवले. यात श्वासाचा वाटा किती आणि माणसाशी कोणीतरी बोलले याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. संशोधकाला ही उणीव वाटेल. रुग्णाजवळ उभे राहणाऱ्याला वाटू नये, कारण खाटेपाशी या दोन गोष्टी कधीच वेगळ्या येत नाहीत.

त्यानंतर अर्ध्या शतकाने, २०१८ मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन रुग्णालयांत आयँथी बोडेन आणि सहकाऱ्यांनी ४४१ रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. पोटाच्या वरच्या भागाची मोठी शस्त्रक्रिया ठरलेले हे रुग्ण होते. एका गटाला माहितीपुस्तिका मिळाली, तर दुसऱ्याला पुस्तिका आणि शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपिस्टबरोबर अर्ध्या तासाची एकच भेट. त्या भेटीत फुप्फुसे का मिटतात ते समजावले आणि श्वासाचा सराव करून घेतला. शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियासारखे त्रास पुस्तिकेच्या गटात २७ टक्के, तर भेटीच्या गटात १२ टक्के रुग्णांना झाले. खर्च काय, तर एका माणसाचा अर्धा तास.

आता यंत्राकडे वळू. तीन कप्पे आणि तीन रंगीत चेंडू असलेले स्पायरोमीटर आज तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते. श्वास ओढण्याला उत्तेजन देणाऱ्या अशा साधनांची कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद रॉबर्ट बार्टलेट यांनी पुढे आणली, आणि ती उसाशाच्याच विचारातून आली होती. उपकरण वाईट नाही. पण घरोघरी ते उलटे वापरले जाते. आजोबा त्यात जीव खाऊन फुंकतात, घरचेही "आणखी जोरात फुंका" म्हणतात, आणि चेंडू का हलत नाहीत याचे सर्वांना कोडे पडते. ते ओढायचे असते. ओढणाऱ्यांतही तिन्ही चेंडू झटक्यात वर उडवण्याची चुरस लागते, तर हवा असतो सावकाश, लांबलेला श्वास. पोटाच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रियांपुरते बोलायचे तर २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेला या साधनाचा स्पष्ट फायदा आढळला नाही, आणि उपलब्ध पुरावाही कमी दर्जाचा ठरला. ज्याला चेंडू पाहून हुरूप येतो त्याने ते जरूर वापरावे. मात्र यंत्र आणून दिले म्हणजे उपचार झाला, असे समजू नये.

इतिहासाला पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे धावती नोंद. पहिल्या महायुद्धात छातीला जखमा झालेल्या सैनिकांना लंडनमध्ये कॉर्टलंड मॅकमेहन श्वसनाचे व्यायाम शिकवत होते. १९३० च्या दशकात तिथल्याच ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये विनिफ्रेड लिंटन यांनी छातीच्या शस्त्रक्रियांसाठी या कामाला शिस्त आणली. भारतात फिजिओथेरपीचे पद्धतशीर शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले.

मराठी वाचक इथे प्राणायामाबद्दल विचारणारच, आणि प्रश्न रास्त आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून योगक्रियांची प्रयोगशाळेतली मोजमापे छापायला सुरुवात केली. क्रिया चालू असताना पोटातला दाब किती बदलतो, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजले. ताज्या टाक्यांच्या बाबतीत हाच प्रश्न निर्णायक आहे. कपालभातीचे झटके, भस्त्रिका, बंधांसहित लांब कुंभक यांनी पोटातला दाब एकदम बदलतो. शल्यविशारदांनी मोकळीक देईपर्यंत, वर्षानुवर्षांचा सराव असला तरी, ते दूर ठेवावेत. सावकाश, आवाज न करता, उच्छ्वास लांबवत घेतलेला श्वास मात्र बहुतेकांना चालतो. उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती किंचित उतरते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आला की रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होते. पाविया विद्यापीठातल्या लुचियानो बेर्नार्दी यांना २००१ मध्ये जपमाळेवरच्या लॅटिन प्रार्थनेत आणि बौद्ध मंत्रात हीच लय सापडली. त्यांच्या प्रयोगातली माणसे निरोगी होती, हे विसरू नये. आवळलेले पोट आणि धडधडणारी छाती थोडी निवते, एवढा दावा मी करीन. जखम लवकर भरते असा करणार नाही.

खोकल्याबद्दल भीती मोठी, म्हणून त्याला अख्खे प्रकरण दिले आहे. उशी किंवा घडी घातलेला टॉवेल जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरायचा, शक्यतो बसून, आणि मग खोकायचे. खोकला झेपत नसेल तर आरशावर वाफ धरावी तसा उघड्या तोंडाने 'हाऽ' करत श्वास बाहेर ढकलायचा. नीट घातलेले टाके एवढ्याने सहसा उसवत नाहीत. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार भरभर होतो आहे, तेव्हा थांबावे. ताप, अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे किंवा एका पोटरीला सूज येणे ही व्यायामाने घालवण्याची लक्षणे नव्हेत. तेव्हा डॉक्टरांनाच बोलवावे.

तारीख हातात असलेल्यांनी थेट तिसऱ्या प्रकरणाकडे जावे आणि सोबत राहणाऱ्या माणसालाही ते वाचायला द्यावे. विद्यार्थ्यांना मात्र शेवटच्या प्रकरणाकडे पाठवतो. आतडे फुटून रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाला भुलीआधीचा अर्धा तास कोणी द्यायचा? धोका त्यालाच जास्त, आणि वर सांगितलेली ४४१ रुग्णांची चाचणी नियोजित शस्त्रक्रियांची आहे. स्ट्रेचरवरच्या पाच मिनिटांत, वेदनेने कण्हणाऱ्या माणसाला, त्याच्या बोलीत काय सांगावे, हे तिथे मी मांडून पाहिले आहे. पुस्तकातले ते सर्वांत लहान प्रकरण आहे.