पेटीतला ‘जर्मन’

मानवतच्या बाजारात कापसाची पारख चिमटीत धरून, धागा ओढून होते. जुन्या पेटीची पारखही अशीच आत हात घालून करावी लागते. भजनी मंडळाच्या फडताळातून किंवा घराच्या माळ्यावरून पेटी खाली उतरते, धूळ पुसली जाते आणि कुणीतरी ठासून सांगतं, “जर्मन सुरांची आहे, आजोबांच्या काळातली.” आजोबांबद्दल शंका नसते. शंका असते ती जर्मनीबद्दल.

पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक पट्टी, तिला लांबट खाच आणि त्या खाचेवर एका टोकाला रिव्हेटने जखडलेली पातळ जीभ. भात्याची हवा आली की जीभ खाचेतून आरपार थरथरते आणि वाजते. ही युक्ती चीनच्या ‘शेंग’ या फुंकवाद्यात शेकडो वर्षं होती. युरोपात ती रुजली अठराव्या शतकात, आणि १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने आपल्या वाद्याला ‘हार्मोनियम’ हे नाव दिलं. ते खुर्चीत बसून, पायाने भाता मारत वाजवायचं. आपली पायपेटी ती हीच.

पण आपला गवई जमिनीवर बसतो आणि त्याला स्वरांचे झुबके नको असतात, एकच ओळ हवी असते. म्हणजे वाजवायला एक हात पुरे, दुसरा भात्याला मोकळा. १८७५ मध्ये कोलकात्यात ‘द्वारकिन’ हे दुकान थाटणाऱ्या द्वारकानाथ घोष यांच्याकडे हाताच्या पेटीचं श्रेय जातं. त्यांनी भाता पाठीमागे आणला, पाय काढून टाकले आणि वाद्य काखोटीला मारता येईल एवढं झालं. मराठी संगीताने दोन्ही भावंडं सांभाळली: रंगभूमीवर बालगंधर्वांच्या पदांमागे पायभात्याचा ऑर्गन घुमत असे, तर भास्करबुवा बखल्यांच्या साथीला गोविंदराव टेंबे पेटी घेऊन बसत. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. देवळातल्या भजनाला मात्र कोण थांबवणार!

मराठवाड्यातल्या गावांपर्यंत हे वाद्य पोचायला रेल्वे कामी आली. मुंबईहून निघालेला माल मनमाडला रुंद रुळांवरून अरुंद रुळांवर चढायचा, मानवत रोड स्टेशनला उतरायचा आणि तिथून पुढे गावात यायचा. पेटीचं खोकं देशी सागवानाचं असलं तरी आतले सूर बराच काळ परदेशी असत: पॅरिसच्या कास्रिएलचे, नाहीतर जर्मन. आयात आटली तेव्हा गुजरातेतल्या पालिताण्याच्या कारागिरांनी हाताने सूर घडवायला घेतले, आणि ते इतके चांगले निघाले की ‘जर्मन’ हा शब्द देशाचा न राहता दर्जाचा झाला. आज दुकानात ‘जर्मन’ म्हणून दाखवलेल्या सुराने समुद्र पाहिलेला असेलच, असं नाही.

मग ओळखायचं कसं? वरची जाळी आणि पट्ट्या काढून सूर बसवलेली फळी उजेडात धरावी. पितळेवर ठसा असेल तर तो वाचावा. परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालण्याची सक्ती ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने केली, त्यामुळे ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरं त्या काळाकडे बोट दाखवतात. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर माल १९४९ नंतरचा. आजोबांची गोष्ट तिथेच डळमळते. सगळी पितळ काळवंडलेली आणि मधलेच तीन सूर चकचकीत असतील तर ते बदललेले समजावे. स्क्रूही बघावेत. ‘अधिक’ चिन्हाच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेत आला तोच १९३० च्या दशकाच्या मध्याला. त्याआधीच्या पेटीत तो दिसला, तर कुणीतरी ती नंतर उघडलेली आहे. पांढऱ्या पट्टीवर बोट जोरात घासलं आणि कापराचा वास आला, तर ते जुनं सेल्युलॉइड. नुसतं प्लास्टिक असा वास देत नाही.

सगळ्यात चोख साक्ष मात्र कानाची. फ्रान्सने १८५९ मध्ये ‘ला’ या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला ४३५ ठरवली. आजचा आंतरराष्ट्रीय मापदंड ४४० चा आहे. फरक अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाएवढाच, पण आजच्या मापाची बासरी शेजारी वाजली की जुनी पेटी उतरलेली भासते. सगळेच सूर सारखे उतरलेले असतील तर आनंद मानावा, कारण फळीला बहुधा कुणी हात लावलेला नाही. पण आनंद कोण मानतो? सप्ताह तोंडावर असतो, बुवांना काळी चार हवी असते. पेटी दुरुस्त करणारा ब्लेड काढतो, जिभेचं टोक हलकेच खरवडतो, सूर वर चढतो आणि जर्मन पितळेची भुकटी सतरंजीवर पडते.